अर्ध्या तासाचं विमान

१

सोमारीला विमानानं पाठवलं होतं आणि तिचा नवरा इसरू मोटारसायकलनं निघाला होता. तरी चंद्रपूरच्या दवाखान्यात इसरू आधी पोचला.

अपघात विभागाच्या दारात उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "सोमारी नरोटे कुठी हाये? इमानानं आली ते. मण्यार डसली तिले." कोणालाच काही माहीत नव्हतं. एका वॉर्डबॉयनं त्याला वर पाठवलं, वरच्या नर्सनं खाली. विमान तर केव्हाच आलं असणार, मग बायको गेली कुठं, या विचारानं त्याचं डोकं फिरायची वेळ आली. तो पुन्हा दाराशी आला, तेव्हा दिवस बुडत होता आणि धावपट्टीकडून आलेली रुग्णवाहिका आत शिरत होती.

स्ट्रेचर बाहेर आलं. वर जाड पांढरी शाल होती, तांबड्या काठाची, डोक्यापर्यंत ओढलेली. पायाकडून ती सरकली आणि पोटऱ्यांवरचं गोंदण उघडं पडलं. इसरूनं ते ओळखलं. तो तिथंच खाली बसला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाई वाटेतच गेली आहे. सोबत आलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी खाण कंपनीनं पत्रक काढलं. जंगलातल्या रुग्णांसाठी विमान चालवायचं काम याच कंपनीकडे होतं. पत्रकात लिहिलं होतं की, रुग्ण धावपट्टीवर फार उशिरा आणला गेला. विमान दुपारभर वाट पाहत उभं होतं. ते संध्याकाळी उडालं आणि अर्ध्या तासात चंद्रपूरला उतरलं. पण ग्रामीण रुग्णालयाच्या नर्सनं अर्धवट भरलेला सिलिंडर दिला होता आणि नवरा तर बायकोला टाकून आधीच निघून गेला होता.

नर्स निलंबित झाली. एका पेपरानं मथळा दिला, 'पत्नीला सोडून पती पसार'.

पत्नीला सोडून! सहायक पोलीस निरीक्षक ललिता कुमरेनं तो पेपर घडी घालून बाजूला ठेवला आणि हवालदार केवळरामला म्हणाली, "भाऊ, गाडी काढा. इसरूले भेटू आधी."

२

इसरू सासऱ्याच्या घरी ओसरीवर बसला होता. चार दिवसांत माणूस अर्धा झाला होता.

"मी पळालो नाई, मॅडम," तो म्हणाला. "दुपारी जेवणावेळीच आमी कोरेटोल्याच्या पट्टीवर पोचलो. तिले इमानात ठेवलं. मी बी चढून राह्यलो होतो, त मॅनेजर साहेब म्हणले, जागा नाई. आत सात खुर्च्या होत्या. साऱ्या रिकाम्या. मी म्हणलो, खाली बसतो, तिच्या पायाजवळ. नाई म्हणले."

"कोणता मॅनेजर?"

"बोरकुटे साहेब. मंग इमान माह्या डोळ्यासमोर उडालं. मी तवाच गाडीले किक मारली. आष्टीकडं ट्रकच ट्रक, म्हणून चामोर्शीवरून पूल पार केला, मूलवरून आलो. कुठी थांबलो नाई."

ललितानं मनाशी हिशेब केला. कोरेटोला ते चंद्रपूर सरळ आकाशातून गेलं तर शंभर किलोमीटरच्या आसपास. लहान विमानाला अर्धा तास. इसरूच्या वाटेनं मोटारसायकलला तीन तास तरी हवेत. इसरू खरं बोलत असेल, तर अर्ध्या तासाचं विमान तीन तास कुठं होतं? आणि कंपनी खरं बोलत असेल, तर हा माणूस मरणाऱ्या बायकोला वाऱ्यावर सोडून निघाला होता.

"ही शाल तुमच्या घरची का?" तिनं विचारलं. शाल आत दोरीवर टाकलेली दिसत होती.

"नाई. मले वाटलं दवाखान्यानं देल्ली."

"दवाखाना म्हणतो, ती विमानातूनच आली."

इसरूनं शाल बाहेर आणून तिचा काठ बोटांत धरला. "हे इथलं कापड नाई, मॅडम. असा तांबडा काठ पलीकडचे लोक इणतात. डोंगराच्या तिकडं, बस्तरकडं."

तिथून ललिता निलंबित नर्सच्या घरी गेली. चंदाबाई पन्नाशीच्या. अंगणात उभ्या राहूनच त्या बोलू लागल्या. आवाज रागानं थरथरत होता.

"डॉक्टरनं नळी टाकली, मी मशीन जोडलं. भरलेला सिलिंडर मी माझ्या हातानं लावला, काटा पाहून. तो एक तास आरामात पुरतो. अर्ध्या तासाच्या विमानाले एक तासाचा सिलिंडर! अजून काय द्यायचं होतं मी? इतकी वर्षं नोकरी केली, बाई. आता बाजारात लोकं बोट दाखवतात. याच नर्सनं मारलं म्हणतात."

"सिलिंडर भरलेला होता हे कोणी पाहिलं?"

"विमानात पेशंटसोबत जाणाऱ्या पोरीनं. डिंपलनं. तिनं काटा पाहूनच ताब्यात घेतला." चंदाबाई थांबल्या. "पण तिनं चौकशीच्या साहेबांपुढं सांगितलं, मी पाहिलंच नाई म्हणून. माझ्या डोळ्यात डोळे घालून सांगितलं."

दोघींपैकी एक खोटं बोलत होती.

३

कोरेटोल्याची धावपट्टी म्हणजे डांबराची एक लांब पट्टी. एका टोकाला पत्र्याची खोली. विमान उभं करायला वेगळी जागासुद्धा नाही, ते पट्टीवरच उभं राहतं. पहारेकरी लटारू सलाम ठोकून उभा राहिला.

"त्या दिवशी विमान कधी उडालं, लटारूभाऊ?"

"संध्याकाळी, मॅडम. दुपारभर इथीच उभं होतं. पेशंटची वाट पाहून राह्यलो होतो आमी." पाठ केल्यासारखं त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"इसरू नरोटे?"

"तो आधीच गेला."

ललिता पट्टीवरून चालत गेली. मधोमध तिला चुन्याची पांढरी रेघ दिसली. तिच्यासमोर, थोड्या अंतरावर, दुसरी. दोन्ही पावलांनी पुसट झालेल्या. ती काही बोलली नाही. फाट्यावरच्या पानठेल्यावर चहा घ्यायला मात्र मुद्दाम थांबली.

ठेल्यावर मोठा बॅनर लागला होता. गावच्या क्रिकेट संघानं चषक जिंकला होता. खेळाडू ओळीत उभे, आणि टोकाला पांढरी टोपी घालून, छाती काढून उभा असलेला अम्पायर.

"जबरदस्त फायनल झाली वाटते," ललिता पानवाल्याला म्हणाली. "कधी झाली?"

"ज्या दिवशी ते नरोट्याची बाई गेली ना, त्याच दिवशी." पानवाला खुलला. "इमान उडालं की पट्टी मोकळी होते, मॅडम. त्याशिवाय खेळाले जागाच नाई. दुपारी इमान गेलं आन पोरं उतरली. चाळीस ओव्हर झाले. दिवस बुडाला तवा सरली मॅच."

"आणि विमान पट्टीवर उभं नव्हतं?"

"उभं असतं त बॉल कुठी टाकला असता?" पानवाला हसला.

केवळराम बॅनरजवळ गेला आणि अम्पायरच्या तोंडावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हा त आपला लटारू."

पुन्हा पट्टीवर आल्यावर ललितानं आवाज चढवला नाही. तिनं एवढंच विचारलं, "लटारूभाऊ, संध्याकाळपर्यंत विमान इथं उभं होतं. आणि त्याच पट्टीवर, त्याच दुपारी तुम्ही अम्पायर होता. विमान काय स्लिपमध्ये उभं होतं?"

लटारूनं पट्टीवरच्या चुन्याच्या रेघेकडं पाहिलं.

"एक बाई मेली," ललिता म्हणाली. "तिच्या नवऱ्याले सारा जिल्हा पळपुटा म्हणून राह्यला. निर्दोष नर्स घरी बसली. आणि तुम्ही पाठ केलेलं मले ऐकवून राह्यले?"

"साहेबानं सांगितलं तसं बोललो, मॅडम. नोकरी जाईल म्हणले." तो खालमानेनं म्हणाला. "दुपारीच उडालं इमान. पोरगा खरं बोलून राह्यला. त्यानं गाडी काढली ते बी मी पाह्यलं."

"मग तीन तास ते गेलं कुठं?"

"मले नाई मालूम. पण..." लटारूनं हात वर केला आणि चंद्रपूरच्या उलट दिशेला, डोंगराकडं दाखवलं. "इमान उडालं ते तिकडं गेलं. उगवतीले. मले वाटलं फिरून येईल. नाई फिरलं."

४

डिंपल चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला राहायची. वडील वीज केंद्रात कामाला, क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. तिनं दार उघडलं ते डाव्या हातानं. उजव्या मनगटाला बोटांपर्यंत पट्टी गुंडाळलेली होती.

"काय झालं हाताला?"

"गाडीवरून पडली."

"कोपर नाही खरचटलं, गुडघा नाही. फक्त मनगट?"

आईनं पाणी आणून ठेवलं आणि लेकीच्या मागं उभी राहिली. डिंपलनं कंपनीचंच म्हणणं सांगितलं. संध्याकाळी उडालो. अर्ध्या तासात उतरलो. सिलिंडर मध्येच संपला. काटा मी पाहिला नव्हता.

"सिलिंडर संपल्यावर मशीन बंद पडलं असेल. मग तू काय केलं?"

"हातानं फुगा दाबला. श्वास द्यायचा फुगा असतो ना, तो."

"किती वेळ?"

"थोडा वेळ. दहा मिनिटं."

ललिता तिच्या मनगटाकडं बघत राहिली. दहा मिनिटांत असं मनगट होत नाही. हा हात फार वेळ, न थांबता, एकच काम करत राहिला होता. ही मुलगी खोटं बोलत होती, पण तिनं सोमारीला सोडलेलं नव्हतं. ललिताला चंदाबाईंचा राग आठवला, आणि पहिल्यांदाच वाटलं की तो राग चुकीच्या माणसावर आहे.

"ठीक आहे," ती उठली. "पुन्हा लागलं तर येईन."

ती जिन्यात पोचली तेव्हा डिंपल धावत बाहेर आली. कठड्याला धरून तिनं विचारलं, "मॅडम, ती शाल... तिच्या अंगावरच राहिली ना? कोणी काढून नाही ना घेतली?"

ललिता वळली. शालीविषयी तिनं एक अक्षरही काढलं नव्हतं.

"तूच घातली?"

डिंपलनं होकारार्थी मान हलवली. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

गाडीत बसते न बसते तोच ललिताचा फोन वाजला. वरिष्ठांचा आवाज होता, गोड आणि थंड. चौकशी नर्सपुरती ठेवा, कुमरे मॅडम. विमान कुठून कुठं गेलं हा आपला विषय नाही.

"सर, बाई विमानातच मेली," ललिता म्हणाली. "दुसरा कोणता विषय आहे?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मॅनेजर विनोद बोरकुटे आणि वैमानिक कॅप्टन अमर यांना ठाण्यात बोलावलं. बोरकुटे इस्त्रीचा शर्ट घालून, वकिलाला सोबत घेऊन आला. टेबलावर इसरूकडून आणलेली तांबड्या काठाची शाल ठेवलेली होती. तिच्याकडं बघून कॅप्टन अमरनं नजर खिडकीकडं वळवली.

"विमान दुपारी उडालं," ललितानं सुरुवात केली. "तुमच्या पहारेकऱ्यानं कबूल केलं. अख्खं गाव साक्षीला आहे."

बोरकुटे जराही डगमगला नाही. "ठीक. दुपारी उडालं. हवा खराब होती, ढग होते. कॅप्टन वर घिरट्या घालत राहिले. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच. पत्रकात वेळ चुकली, कारकुनाची चूक."

"ढग? त्या दुपारी त्याच आभाळाखाली चाळीस ओव्हर झाले. इसरू मूलवरून चंद्रपूरपर्यंत आला, त्याच्यावर थेंब पडला नाही." ती अमरकडं वळली. "आणि कॅप्टन, ढगात अडकलेला माणूस कोरेटोल्याला परत उतरला असता. तुम्ही उतरला नाहीत."

अमरनं पुन्हा खिडकीकडं पाहिलं.

"आता मी सांगते. सात खुर्च्या रिकाम्या असताना नवऱ्याला जागा नाही म्हणून उतरवलं. का? त्या खुर्च्या दुसऱ्या कोणासाठी राखल्या होत्या. पण कोरेटोल्याला दुसरं कोणी चढलं नाही. म्हणजे ती माणसं पुढं कुठंतरी चढणार होती. विमान गेलं पूर्वेला. पूर्वेला डोंगर, डोंगरापलीकडं दुसरं राज्य, आणि तिथं तुमच्या कंपनीचा कारखाना आणि त्याची खाजगी धावपट्टी." तिनं शालीवर हात ठेवला. "ही शाल तिकडची. सोमारी डोंगराअलीकडं विमानात चढली आणि चंद्रपूरला ही शाल पांघरून उतरली. विमान सरळ आलं असतं, तर ही तिच्या अंगावर आकाशातून पडली का?"

"शाल कुठंही विकत मिळते," वकील म्हणाला.

"मिळते. पण ही विकत घेतलेली नाही. काठाला अजून टाचणी आहे आणि टाचणीत झेंडूची पाकळी. ही सत्कारात खांद्यावर घातलेली शाल आहे. त्या दुपारी तुमच्या पलीकडच्या कारखान्यात कोणाचा सत्कार होता, बोरकुटे साहेब?"

दारात कोणीतरी उभं राहिलं. डिंपल होती, आईचा हात धरून.

"कंपनीच्या संचालक साहेबांचा," ती म्हणाली.

"डिंपल, तू नोकरीवर आहेस," बोरकुटे ओरडला.

"होती," डिंपल म्हणाली. मग ती जे बोलली ते ललिताकडं बघून बोलली. "पाच मिनिटांचं काम आहे, साहेबांना घेऊ आणि निघू, असं कॅप्टन सरांना फोनवर सांगितलं होतं. तिथं उतरलो तर साहेब यायचेच होते. भाषणं चालली होती. वनवासी लोकांची सेवा करतात म्हणून त्यांना शाल घालत होते. आम्ही उन्हात, बंद विमानात. सिलिंडर संपला. मी कॅप्टन सरांना म्हटलं, चला. ते दोनदा बोरकुटे साहेबांशी फोनवर बोलले. बोरकुटे साहेब म्हणाले, थांबा. मी फुगा दाबत राहिले. हाताची जाणीव गेली तर दुसऱ्या हातानं दाबला. बाईची नाडी चालू होती, मॅडम. ती जिवंत होती."

"मग?"

"मग संचालक साहेब आले, दोन पाहुणे घेऊन. साहेबांना दाराजवळ बसायचं होतं. मला म्हणाले, मागं बस, बेल्ट लाव. मागून तिच्या तोंडापर्यंत हात पोचत नव्हता. मी ओरडले. उडताना नळी निसटली. मी बेल्ट काढून गेले, पण..." तिला पुढं बोलता येईना. "साहेबांनी शाल बाजूच्या खुर्चीवर टाकली होती. तिचे डोळे उघडेच होते. मी ती शाल तिच्यावर घातली. साहेब म्हणाले, अरे, ती माझी आहे."

केवळराम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"मी विमान परत वळवायला पाहिजे होतं," कॅप्टन अमर पहिल्यांदाच बोलला. आवाज फाटका होता. "चंद्रपूर अर्ध्या तासावर होतं. मला रस्ता माहीत होता."

"उगाच भावनेच्या भरात बोलू नका," बोरकुटे म्हणाला. "विमान कंपनीचं आहे. वाटेत तीन माणसं घेतली, यात गुन्हा काय? ती तशीही वाचली नसती."

ललिता उठून उभी राहिली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं तिच्या आवाजात आलं.

"वाटेत? चंद्रपूरच्या उलट्या दिशेला तुमची वाट होती? डॉक्टरनं तिचा श्वास चालू ठेवून तिला तुमच्या हवाली केलं होतं. ती वाचली नसती हे ठरवणारे तुम्ही कोण? आणि ती मेल्यावर तुम्ही काय केलं? जिनं भरलेला सिलिंडर दिला तिला दोषी ठरवलं. ज्याला खाली उतरवलं त्याला पळपुटा. या पोरीचं तोंड बंद केलं. हा गुन्हा नाही, तर मग गुन्हा म्हणजे काय असतं ते मला शिकवा." ती वळली. "केवळरामभाऊ, दोघांनाही आत घ्या. आणि वकीलसाहेब, तुमच्या संचालकांना निरोप द्या. विमान पाठवणार नाही. जीप येईल."

६

संचालकाला आणायला तीन दिवस लागले. तो आधी मुंबईच्या दवाखान्यात भरती झाला, मग जामिनाचा अर्ज आला, मग वरून फोन आले. ललितानं प्रत्येक फोनला तेच उत्तर दिलं. चंदाबाईंचं निलंबन मागं घेतल्याचा कागद आला, त्यात माफीचा एक शब्दही नव्हता. चंदाबाईंनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्या. दुपारी डिंपल त्यांना भेटायला आली, तेव्हा त्यांनी तिची पट्टी सोडली, मनगट तपासलं, आणि रागावून म्हणाल्या, "अशी बांधतात का पट्टी? इकडं दे."

ललिता स्वतः इसरूच्या गावी गेली. गावातली माणसं मोहाच्या झाडाखाली जमली. तिनं काहीही न गाळता सगळं सांगितलं. विमान कुठं गेलं, का थांबलं, कोण चढलं. म्हाताऱ्यांसाठी एक बाई ते गोंडीत सांगत होती.

कंपनीचा माणूस आदल्या दिवशी येऊन गेला होता, हे इसरूनं सांगितलं. प्रकरण मिटवून टाका म्हणाला होता. गावकऱ्यांनी त्याला प्यायला पाणी दिलं आणि फाट्यापर्यंत सोडून आले.

"तो साहेब," इसरूनं विचारलं. "तो तिच्या बाजूलेच बसला होता?"

"हो."

"तिचं तोंड दिसत होतं त्याले?"

ललिताला खोटं बोलता आलं असतं. "दिसत होतं," ती म्हणाली.

सासऱ्यानं इसरूच्या खांद्यावर हात ठेवला. मग इसरू उठला, आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कोर्टात त्याले माह्यासमोर उभं करा, मॅडम. तिचं नाव काय होतं ते त्याच्या तोंडून मले ऐकायचं हाये. तारीख सांगा. मी येतो. आमी सारेच येतो."